फुकट आणि मुक्त

लातूर,
११ जानेवारी २०२५

चि. मंजुश्रीस शिवकांता आत्याचे आशीर्वाद.

नांदेडला थंडी असेल, स्वेटर घालत जा. इथे नळ आता नवव्या दिवशी येतो. माझा गुडघा दुखतो, पण ते रडगाणं गायला बसलेले नाही. ईमेल तू न उघडता ठेवली असतीस, म्हणून पोस्टाने लिहितेय.

आपल्या पाणी-घंटेचं सांगायचं आहे. मुखेडचे शिक्षक अण्णाराव शाळेतल्या मुलांकडून तशा चाळीस डब्या करून घेणार आहेत. नळाला पाणी आलं की वाजणाऱ्या. त्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सगळ्यांसाठी खुला ठेवलेला प्रोग्रॅम मिळाला. पण तो चिपला समजेल असा करून देणारा कंपायलर कुठून आणू?"

 आपण वापरला तो कंपायलर कंपनीचा, मी शिकवायचे त्या कॉलेजला फक्त शिकवण्यापुरता फुकट दिलेला. मी निवृत्त झाले तेव्हाच माझा त्यावरचा हक्क संपला होता.

मग चष्मा लावून लायसन्सची एकोणीस पानं वाचली. असलं इंग्रजी लिहिणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं! बाराव्या पानावर तू म्हणत होतीस तेच निघालं. कंपायलर आपल्या प्रोग्रॅममध्ये कंपनीच्या तयार कोडची लायब्ररी मिसळतो, आणि ती वाटायची मुभा नाही.

शेजारच्या नागुबाईला सांगितलं, "ज्वारी आपली, पण चक्कीवाला त्यात स्वतःचं पीठ मिसळतो आणि म्हणतो, कुणाला वाटायचं नाही."

"मग चक्की बदला की बाई! त्यात काय एवढं?" असं म्हणून तिने लगेच विचारलं, "पोरगी कवा येणार हाय?"

चक्की बदलली. मुक्त, म्हणजे कुणालाही वापरायची-वाटायची मुभा असलेला कंपायलर घेतला, अडीच महिने मान मोडून बसले, कंपनीची लायब्ररी उपटून काढली. डबी वाजते. अण्णारावांच्याही वाजतील. पण आपल्या डबीतला तुझा आवाज त्या लायब्ररीवर चालायचा. आता "आत्या, पाणी आलंय!" असं कुणी म्हणत नाही. नुसतं टिंग. मागच्या खेपेला ते ऐकूनही मी उठले नाही. पाणी आलं आणि गेलं.

तू म्हणाली होतीस, "आत्या, फुकट म्हणजे मुक्त नव्हे." त्यावर मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. तरी लिहिते, म्हणजे मला नाकबूल करता येणार नाही. "आठ वर्षं या घरात फुकट राहिलीस, आता मला फरक शिकवतेस?"

उदगीरहून तुला मी दादाच्या विनवण्या करून आणलं होतं. तो पाठवायला तयार नव्हता. हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. नव्या कंपायलरवर ते कसं वाजवायचं तेही जमलंय. बसवलेलं मात्र नाही. आवाज तुझा आहे. तू हो म्हटल्याशिवाय वापरणार नाही.

आणि ते हो म्हणायला तू स्वतःच आलीस, तर डबीला टिंगच राहू दे, हाक तूच मार.

तुझ्या परवानगीसाठी खोळंबलेली,
आत्या