पेट्रोलच्या तळाशी पाणी

सोमवार, वसुबारसेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

सकाळी धुकं होतं. द्राक्षांवर डावणी रोग पडायची भीती, आणि फवारणी पंपाचं इंजिन नुसतं गुरगुरून बंद पडत होतं. मी डब्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं. वर पेट्रोल, तळाला पाणी. घरात एवढं शिकलेली मीच, त्यामुळे वडिलांना समजावून सांगताना बरंही वाटलं.

अण्णा तीच बाटली घेऊन सलीमचाचांच्या दुकानात गेले. सुटं पेट्रोल आम्ही तिथूनच आणतो. मीही मागोमाग गेले.

“पाणी घालून इकतो व्हय रे?” अण्णांनी बाटली गल्ल्यावर आपटली.

“अण्णा, डबा तुमचा व्हता,” चाचा हळू म्हणाले.

“दुधात घालत्यात राव, आता पेट्रोलातबी,” गिऱ्हाइकांतलं कुणीतरी बोललं. सगळे हसले.

घरी आले तर आई दिवाळीसाठी डबे धुऊन पालथे घालत होती. मी विचारलं, पेट्रोलचाही धुतलास?

“त्यो पेट्रोल आणायच्या आधीच धुतला. लई वास मारत व्हता.”

धुतला, पण वाळवला नव्हता.

टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून वरवरचं स्वच्छ पेट्रोल भरल्यावर इंजिन सुरू झालं. दुपारपर्यंत फवारणी उरकली. मग अण्णांना डब्याचं सांगितलं. म्हणाले, “आता आमी काय त्याच्या पाया पडायचं? गप ऱ्हा.” आई डबे पुसत राहिली.

उद्या मीच चाचांना खरं सांगायला जाणार. पण हसलेली माणसं उद्या तिथे असतील का? बाटली आम्ही परत आणलीच नाही. ती अजून चाचांच्या गल्ल्यावर असेल, येणाऱ्याजाणाऱ्याला तळाचं पाणी दिसत असेल.