तुझं उद्या बघतो

मु. पो. निरवांगी,
ता. इंदापूर,
जानेवारी १९९७

तीर्थरूप मोहनमामांस,

बिरुदेवचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात अजून जोडता येताहेत, तोवर करून घेतो). सारजामामीचा गुडघा कसा आहे? छकुलीचा खोकला गेला का? भवानीनगरला थंडी फार आहे असं ऐकतो, तरी कारखान्याच्या वजनकाट्यावर ड्यूटीला जाताना कानाला मफलर बांधत जावा. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आई खुशाल आहे, गाय खुशाल आहे, आपली कुत्री बाळंत होऊन पिल्लांसकट खुशाल आहे. राहता राहिलो मी. मला येत्या बाजारच्या दिवशी निमगावात मारणार आहेत.

झालं ते त्या पिल्लांवरूनच. मी अकरावीला निमगाव केतकीला जातो, तिथं रविराज म्हणून एक मुलगा माझ्याच बाकावर बसतो. (त्याचे वडील साहेबराव पूर्वी तुमच्या कारखान्यात होते.) आपली मेंढरं आजोबांच्या मागं संपली, पण राखणीच्या कुत्र्यांची जात टिकून आहे, आणि पिल्लू मागायला लांबून माणसं येतात. रविराजनंही मागितलं. त्या दिवशी मी एसटीत बसलो, गाडी हलली आणि तो खालून ओरडला, माझं काय? मी खिडकीतून एक बोट वर करून (म्हणजे एक दिवस थांब) मोठ्यानं सांगितलं, "तुझं उद्या बघतो." आता आपल्या घरात बघतो म्हणजे सोय करतो. आई रोज म्हणते, जेवणाचं बघते, त्यात कुणाचं डोकं फुटत नाही. पण स्टँडवरच्या लोकांना वर झालेलं बोट दिसलं, खड्ड्यात गाडी आदळल्यामुळं मी आवळलेले दात दिसले, आणि शब्द तर सगळ्यांनीच ऐकले. रविराजला खरा अर्थ कळला असणार. पण पानाच्या टपरीवर बसणाऱ्या मंडळींनी संध्याकाळपर्यंत त्याला दुसरा अर्थ पाठ करून घेतला.

मग मी खुलासा करायला सिद्धूला पाठवला, इथंच माझं चुकलं. (सिद्धू म्हणजे दादासाहेब चुलत्यांचा. त्याच्याकडून साधा निरोप देखील धड पोचत नाही, हे तुम्ही त्याच्या बहिणीच्या लग्नात पाहिलंच आहे.) मी सांगितलं होतं, पिल्लू तयार आहे, घेऊन जा म्हणावं. सिद्धूनं टपरीसमोर उभं राहून सांगितलं, बिरा तयार हाय. पिल्लाचं त्याला नंतर आठवलं, तेव्हा ती मंडळी म्हणाली, आता घाबरून नवीन पिल्लू सोडतोय. झालं. बाजारच्या दिवशी स्टँडमागं यायचं, असा उलटा निरोप आला.

तेव्हापासून मला वाचवायला इतकी माणसं पुढं आली आहेत की मी वाचणं कठीण आहे. वर्गशिक्षकांकडे गेलो, तर त्यांनी अहिंसेवर पूर्ण तास घेतला आणि शेवटी, तू मारामारी करू नयेस म्हणून, मला दोन छड्या दिल्या. आईनं दंडाला काळा दोरा बांधला, तो इतका घट्ट की त्या हातानं आता काही उचलवत नाही. दादासाहेब चुलते म्हणाले, "मार खाऊन दारात यायचं न्हाय. आमी काय मेलोय व्हय?" आणि सिद्धूनं स्वतःच्या सायकलची चेन काढून, हातरुमालात गुंडाळून मला दिली. आता तो सगळीकडे पायी हिंडतो आणि त्याचा दोष मला देतो. गावात जो भेटतो तो माझ्या पाठीवर थाप मारतो. आजवर माझं एवढं कौतुक दहावी पास झालो तेव्हाही झालं नव्हतं.

मामा, गेल्या जत्रेत भागूबाईच्या नातवाचा डोळा गेला ते तुम्हाला माहीत आहे. ज्यानं मारलं तो त्याचा जिवाभावाचा दोस्त, दोघं एका ताटात जेवायचे. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. एक टोपी खाली ओढून पारावर बसतो, दुसरा घराबाहेर पडत नाही, आणि ज्यांनी त्यांना चढवलं ते सगळे यंदाच्या जत्रेची वर्गणी गोळा करताहेत. काल मी गोठ्यामागं ती चेन एकदा फिरवून पाहिली. समोर भुशाचं पोतं होतं. पोतं एका फटक्यात फाटलं. मार खायची भीती मला होतीच, पण पोतं फाटल्यावर माझ्याच हाताची वाटली, आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही. ज्यांच्यापुढं हे बोलावं ते म्हणतात, शाबास, सराव चालू ठेव.

असो. तुम्ही काळजी करू नये. मी मुळीच घाबरलेलो नाही. मामींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

आपला,
बिरुदेव

ता. क. वर घाबरलेलो नाही असं लिहिलं आहे, ते आई वाचेल म्हणून. बाजारच्या दिवशी पहिल्या गाडीनं निमगावला या. रविराजच्या वडिलांना, साहेबरावांना, गाठून बरोबर स्टँडमागं आणा. कारखान्यावरची पोरं आणू नका, आणि दादासाहेबांनी माणसं जमवली असली तर ती परत पाठवा. फोन करणार होतो, पण निमगावचा एसटीडी बूथ टपरीला लागूनच आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात रविराजची बहीण मोनाली गाडीत भेटली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "दादा दोन दिस जेवला न्हाय. पोटात दुखतंय म्हणतो. तुमीच पयलं नगं म्हणा की." मामा, माझ्याही पोटात तसंच दुखतंय. त्यालाही नको आहे, मलाही नको आहे, पण पहिलं जो म्हणेल त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हा तुम्ही या, आणि आम्हा दोघांच्या वतीनं तुम्हीच नको म्हणा.