पडद्यातली पांढरी पूड

१ नोव्हेंबर १९८८, मंगळवार

मजीदने आज पडदा फोडला. मला वाटलं बॉम्बसारखा आवाज होईल, म्हणून मी कानांत बोटं घालून त्याच्या कुंपणाशी उभी. कसला आवाज नि कसलं काय — गोणपाटात गुंडाळला, मागच्या नळीवर हातोडी टेकवली, तर नुसतं फुस्स. एवढा डोक्याएवढा डोळा, आणि आत हवासुद्धा नाही म्हणे!

हे पडदे टीव्हीचे नाहीत. कंप्यूटरचे. मजीदचा भाऊ नझीर बहारीनला कचेरीत आहे. तिथल्या लोकांनी जुने म्हणून फेकले, ह्याने उचलले नि बोटीने पाठवले. मजीदचं मिरकरवाड्याच्या नाक्यावर टीव्ही दुरुस्तीचं दुकान. चालणारे पडदे टीव्हीला लावतो, मेलेले फोडून तांब्याची तार काढतो. फोडताना नाकातोंडाला फडकं बांधून बसला होता. मी सईदाला म्हटलं, ‘तुझ्याऐवजी नवऱ्यानेच तोंड झाकलं गो!’ सईदा म्हणजे त्याची बायको. हसून पोट धरलंन.

तो दुकानात गेल्यावर मी वाकून बघितलं. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला पांढरी पूड. बोट लावलं — तांदळाची पिठी झक मारते, एवढी मऊ. नि चमकते. लगेच डोक्यात आलं, दिवाळीच्या रांगोळीला काय शोभेल!

सईदाला म्हटलं, ‘मला काढून ठेव गो थोडी.’

‘थोडी कशाला काकी, पाच पडदे पडलेत. सगळी काढते.’

३ नोव्हेंबर, गुरुवार

सईदा आली पूड घेऊन. दोन दिवस पाठीमागच्या पडवीत बसून खरवडलीन. वर ओढणीतून चाळून आणलीन. पाच पडद्यांची मिळून ह्यांची तपकिरीची डबी भरली फक्त. हे असते तर नाकात ओढून मोकळे झाले असते.

सईदाच्या भुवया पांढऱ्या, केस पांढरे. म्हटलं, ‘लग्नाला नऊच वर्षं झाली नि म्हातारी झालीस?’ तिला आरसा दाखवला. दोघी हसत बसलो. बाकी वाडीतल्या बायका तिला नऊ वर्षांवरून वेगळंच काही बोलतात. माझं चिडवणं तिला लागत नाही, असं तीच म्हणते.

डबी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली.

५ नोव्हेंबर

गोदेची पेन्सिलींची पुडी लपवली. शोधतेय बिचारी. मजा.

६ नोव्हेंबर, रविवार

पुडी अजून दिली नाही. गोदा माझी सून, सहावा महिना. दादू मुंबईला, ती माझ्याकडे. तिला डोहाळे कसले, तर पाटीवरच्या पेन्सिलींचे! आधी चुलीची भाजकी माती खाल्लीन, मग खडू, आता पेन्सिली. काल म्हटलं, ‘बाळंत होईपर्यंत घराच्या भिंती तेवढ्या शिल्लक ठेव.’ रुसली.

सईदा माहेरी पूर्णगडला गेली. तब्येत बरी नाही म्हणाली.

८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली अंघोळ. पहाटे दारात रांगोळी काढली. साध्या रांगोळीवर ती पूड भुरभुरली. दोन चिमटीच लागल्या, पण दिव्याच्या उजेडात काय दिसत होती! मोती वाटून घातल्यासारखी.

समोरची तुळसा बघून गेली. ‘वयनी, तुम्ही काढलीत?’ म्हणजे विधवेने काढली! म्हटलं, ‘नाही गो, हे येऊन काढून गेले. घाईत होते, तुला भेटले नाहीत.’ तोंड बघायला हवं होतं. पण नजर तिची रांगोळीवरच. ‘कसली पूड?’ तीनदा विचारलंन. सांगते काय मी!

९ नोव्हेंबर, बुधवार



मजीद दिवाळीचे लाडू न्यायला आला नि दारातच थांबला. म्हटलं, ‘काय रे, बघत काय बसलास, पाय ठेव बिनधास्त.’ तो खाली बसला. बोट न लावता वाकून बघितलंन.

‘काकी, ही पूड कुठली?’

मी हसतच सांगितलं. त्याचं तोंड उतरलं.

‘काकी, हे विष आहे.’

मला वाटलं माझीच फिरकी घेतोय. पण तो हसेना. मुंबईला टीव्हीचं शिकायला होता तिथल्या मास्तरने सांगितलं होतं म्हणे — पडद्याच्या पुडीत कॅडमियम की काय ते असतं, काचेत शिसं. अंगात गेलं की बाहेर निघत नाही. मूत्रपिंडं खातं. लहान मुलाच्या डोक्यावर परिणाम. तिकडे बाहेरच्या देशांत आता नियम करतायत — पडद्यात काय घालावं, किरण किती बाहेर यावेत, पोटुशी बाईने त्याच्यापुढे किती वेळ बसावं.

‘म्हणून तर नझीरच्या कचेरीने जुने फेकले,’ म्हणाला.

त्यांनी जे फेकलं ते मी दारात मांडलं. लक्ष्मी येते म्हणून.

‘मला आधी सांगायला काय झालं होतं मेल्या?’

‘मला काय माहीत तुम्ही रांगोळी काढाल! कोणी खरवडली?’

‘मीच.’ सईदाचं नाव घेतलं नाही. तो रागात पूर्णगडला जाऊन तिला ओरडला असता.

‘झाडू नका, उडेल,’ म्हणाला. ओल्या फडक्यांनी त्यानेच सगळं टिपून घेतलंन, फडकी पत्र्याच्या डब्यात घालून झाकण ठोकलंन. मी राहिलेली पूड द्यायला डबी काढली.

डबी अर्धी रिकामी.

मी दोन चिमटी घेतल्या होत्या. दोन! नि फळीखाली गोदा उभी. पेन्सिली नाहीत तिच्याकडे. मीच लपवलेल्या.

१० नोव्हेंबर

‘खाल्लीस?’

‘नाही आई.’

‘मग गेली कुठे?’

खाली मान. तिसऱ्यांदा विचारलं तर रडायलाच लागली. खाल्ली नसती तर रडेल कशाला?

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘काय खाल्लंय?’ मी म्हटलं, ‘कंप्यूटर.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मजीदने नीट सांगितलं. त्यांनी जाडं पुस्तक काढलं, पानं उलटली, परत ठेवलं. म्हणाले, ‘आजी, रत्नागिरीत हे खाल्लेलं कोणी अजून माझ्याकडे आलेलं नाही.’ मुंबईला फोन लावून विचारतो म्हणाले. लघवी तपासायला मुंबईला पाठवणार. तोवर नुसतं बघत राहायचं.

एवढे शिकलेले, त्यांनाही ठाऊक नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

गोदेला सांगितलं, पुडी मीच लपवली होती. पुडी तिच्यासमोर ठेवली. हात लावला नाहीन.

दादूला पत्र लिहायला घेतलं. ‘तुझ्या आईने गंमत केली’ — एवढं लिहिलं नि फाडलं.

१२ नोव्हेंबर

जेवण जात नाही. पोरगी झोपली की तिच्या पोटाकडे बघत बसते. हलतंय. मघाशी हललं.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी तुळसा दारात. हातात कागदाची पुरचुंडी. रडून डोळे सुजलेले. आत आली ती सरळ गोदेकडे.

‘सुटली गो बाय, माझी शपथ सुटली!’

मला काही कळेना. मग गोदा बोलली. भडाभडा बोलली. पहिल्या अंघोळीच्या दुपारी मी झोपलेय बघून तुळसा मागच्या दाराने आली होती. अर्धी डबी मागून नेलीन. नि माझ्या कानावर जाऊ नये म्हणून गोदेला शपथ घातलीन — पोटातल्या बाळाची! ती शपथ कोण मोडेल? खाल्लं नाही म्हणत होती, कुठे गेलं ते सांगता येत नव्हतं. दवाखान्याचं वाडीत कळलं तेव्हा तुळसाला घाम फुटला.

मी दोनदा विचारलं, ‘खरंच जिभेला लावली नाहीस?’

‘शी! आई, मी पेन्सिली खाते, पूड कशाला खाईन? दाताखाली कुरकुरायला नको?’

मी चुलीपुढे बसले नि रडले. मग हसले. मग तुळसाला म्हटलं, ‘तुला माझी रांगोळी चोरायची होती तर नवरा पण नेला असतास, तो तरी चांगला होता.’ तीही रडता रडता हसली.

तिची पुरचुंडी उघडून बघितली, तर जवळजवळ सगळी तशीच. चमचमाट बघून हिला तुळशी वृंदावनापुढे घालायचा धीर झाला नाही म्हणे, तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवलीन. मजीदने तिच्याकडची नि माझ्याकडची, दोन्ही डब्यात बंद केलीन. उरलेले पडदे आता फोडणार नाही म्हणतो. नझीरला कळवतो, पाठवू नको.

गोदेने दोन पेन्सिली खाल्ल्या. कुरुम कुरुम. एवढा गोड आवाज आयुष्यात ऐकला नाही.

१५ नोव्हेंबर

गोदेने माझा चष्मा लपवला. फिट्टंफाट झाली म्हणते. अर्धा दिवस आंधळी होते, काही बोलले नाही.

१६ नोव्हेंबर, बुधवार

सईदा पूर्णगडहून आली. मजीद दुकानात, म्हणून आधी माझ्याकडेच. दाराला कडी लावलीन, माझा हात घट्ट धरलान. ‘काकी, तिसरा संपत आला. आईने सुईणीला दाखवलं. मजीदला अजून बोलले नाही, पहिलं तुम्हाला सांगतेय.’

तिसरा. म्हणजे पडवीत बसून पाच पडदे खरवडले तेव्हाही.

तिला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. हसत होती.

‘काय हो काकी,’ म्हणाली, ‘आज चिडवत नाही ते?’