बेटावरची भाषा

४ फेब्रुवारी २०२५
दहा महिने फुकट! रत्नदीपचा फोन आलेला. हेलसिंकीतल्या मालकाने त्याला ऑलंड बेटांवरच्या हॉटेलात कायमचं पाठवलंय. "अगं, पण इथे फिनिश चालत नाही. सगळे स्वीडिश बोलतात."
देश तोच ना, मी विचारलं.
"देश फिनलंडच. पण बेटांचा कारभार वेगळा. स्वतःची विधानसभा, स्वतःचे कायदे. सरकारी भाषा एकच, स्वीडिश."
नवऱ्याकडे जायचं म्हणून कल्याणच्या हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडली. दहा महिने रोज चार तास फिनिश घोकलं.

५ फेब्रुवारी
फिनिशच्या वह्या माळ्यावर टाकल्या.

११ फेब्रुवारी
बेटावरच्या दवाखान्याचं उत्तर आलं — स्वीडिशशिवाय नर्स म्हणून घेता येणार नाही. रत्नदीप म्हणतो, "नुसती ये ना. घरी बसून शीक." टिटवाळ्यात बसलेय तशीच तिथे जाऊन बसू?
त्याच्या आईंचंही तेच. "जा बाई, तो एकटा आहे."
त्याला बेट आवडलंय. आधी नागरिकत्व, मग तिथल्या रहिवासाचा हक्क, मग जमीन — सगळं ठरवून मोकळा. मला विचारलं कधी?

२ मार्च
स्वीडिश सुरू केलं. तोंडात फिनिशच येतं. जुन्या हॉस्पिटलात फोन केलेला. मेट्रन म्हणाल्या, "तुझी जागा भरली गं." आता इकडची नाही, तिकडचीही नाही.

१९ मार्च
फिनिश शिकवणाऱ्या बाईंनी कळवलं, तुर्कूच्या वृद्धाश्रमाला नर्स हव्यात. तुर्कू बेटावर नाही, मुख्य भूमीवर. तिथे फिनिश चालतं. बेटापासून बोटीने पाच तास. आज ऑनलाइन मुलाखत दिली. अडखळले — पण त्यांना माझं कळत होतं!
रत्नदीपला सांगायला तीनदा फोन हातात घेतला. ठेवून दिला.

२७ मार्च
निवड झाली. तुर्कूहून करारपत्र आलंय, सही करून पाठवायचं. सांगितलं त्याला. "मग लग्न कशाला केलंस?" एवढंच बोलला आणि फोन कट.
आईंनी ऐकलंच असणार. दीड खोलीत काय लपतं? जेवताना त्यांच्याकडे बघवेना. तुर्कूला नाही कळवून टाकायचं ठरवलंय.

२८ मार्च
सकाळी आई शेजारी येऊन बसल्या. "बेटावर राहायचं ठरवलं, तेव्हा त्यानं तुला विचारलेलं?"
नाही म्हटलं.
"मग कर सही."
केली.