मार्लो क्रीक बुल्सच्या पहिल्या विजयाची तयारी

२५ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्याने नोंद स्वतःच ठेवावी, म्हणजे पुढे वाद नकोत. मार्लो क्रीक बुल्स हा संघ मी काढला. मालक मी, कोचही मी. गाव म्हणतं, गालिचे विकणाऱ्या डेल्मार क्रोनला फुटबॉलमधलं काय कळतं? अहो, इनडोअर फुटबॉल म्हणजे बर्फाच्या रिंकवर गालिचा अंथरायचा, कडेच्या भिंतींना गाद्या बांधायच्या आणि बॉल काखेत मारून पळायचं. निम्मा तर माझाच धंदा आहे.

संघाचा इतिहासही लिहायला घेतलाय. एरिनाच्या दारातल्या काचेच्या कपाटात लावणार. पहिलं प्रकरण ‘स्थापना’. दुसरं ‘पहिला विजय’. दुसरं लिहून तयार आहे, फक्त स्कोअर भरायचा.

१ मार्च
टर्फ, म्हणजे मैदानावर अंथरायचं नकली गवत, आलं. समुद्राकडचा कुठलासा संघ बंद पडला, त्यांचं घेतलं. माल उत्तम. फक्त मधोमध लाल खेकडा आहे, पिकअप ट्रकएवढा. लॉर्ना म्हणाली, डेल, आपण बुल्स ना? बायकोला दूरदृष्टी नाही. खेकड्याला दोन शिंगं रंगवली. लांबून बैलच वाटतो. बराच लांबून.

१५ मार्च, मॅचनंतर
पहिली मॅच. १२–५४. स्कोअरवर जाऊ नये. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सलग सहा मिनिटं आम्ही त्यांना एक गुण करू दिला नाही. (भिंतीची गादी सुटल्यामुळे त्यातली चार मिनिटं खेळ बंद होता.)

प्रेक्षक ‘खेकडे, खेकडे’ ओरडत होते. शिंगांना रंगाचा दुसरा हात मारायला हवा.

प्रेक्षकांत गेलेला बॉल प्रेक्षकाचा, हा लीगचा नियम. आमचा किकर लाथ मारून सगळे बॉल प्रेक्षकांत वाटून आला. अशाने लोक जोडले जातात, असं मी म्हणालो. लॉर्ना म्हणाली, अशाने बॉल संपतात.

१६ मार्च
पराभवाचं कारण सापडलं. खेळाडू. तिघांना काढलं.

काढतानाही माणसाचा मान राखावा, अशा मताचा मी आहे. प्रत्येकाला आमच्या दुकानातलं एक ‘वेलकम’ लिहिलेलं पायपुसणं भेट दिलं. काथ्याचं, जाड. ‘मान राखून सांगतो, तुझी वाट वेगळी आहे,’ असं म्हणून हातात ठेवायचं. एक जण म्हणाला, म्हणजे आता रोज तुमच्या नावाने पाय पुसू का, कोच? गहिवरला होता बिचारा.

३० मार्च
आणखी दोन मॅच. दोन्हींत शिकायला मिळालं. चौघांना पायपुसणी.

आता माझी स्वतःची चाल बसवतोय. नाव ‘गालिचा’. सगळ्यांनी डावीकडे गुंडाळत जायचं. खूण एकदम गुप्त: मी नाक खाजवतो. दुसरी चाल ‘उलटा गालिचा’. खूण कान ओढणं. तीही डावीकडेच जाते, पण समोरच्याला ते माहीत नसतं.

१३ एप्रिल
ही चाल समोरचे ओळखतात कशी? कोणीतरी फितूर आहे. पाच पायपुसणी. लॉर्ना विचारते, दुकानात विकायला काही ठेवणार आहेस का? तिचं लक्ष लहान गोष्टींत फार.

बिडलबाई भेटल्या. त्यांच्याकडे एरिनाचा कारभार आहे. कॉर्नडॉग खाता खाता म्हणाल्या, डेल, हंगाम संपेपर्यंत एक तरी मॅच जिंक रे बाबा. नाहीतर पुढल्या वर्षीचे मॅचचे शनिवार मी ट्रॅक्टर ओढायच्या स्पर्धेला देते. ट्रॅक्टर निदान पुढे तरी जातात.

हसलो. पण शनिवार गेले तर संघ गेला. घरी येऊन इतिहासातल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो.

२७ एप्रिल
कटू निर्णय. क्विंटला काढलं. क्विंट म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, बॉल फेकणारा मुख्य गडी, आणि आमच्या मुलीचा, ट्रिनाचा नवरा. शाळेत सुतारकाम शिकवतो. हात बरा आहे, पण प्रश्न विचारतो. काल सगळ्यांसमोर म्हणाला, कोच, एकदा उजवीकडे जाऊन बघू या का? तिकडेही मैदान आहे.

जावई असला म्हणून काय झालं? नियम सगळ्यांना एक. पायपुसणं दिलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं, म्हणाला, चांगलं आहे हो, सासरेबुवा. जावईबापूंनी मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

४ मे
ट्रिनाने मनाला लावून घेतलेलं दिसतंय. रविवारच्या जेवणाला दोघं आली नाहीत. लॉर्ना बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं उचलून त्यांच्याकडेच गेली. मी सँडविच खाल्लं. बटाट्याचा वास मात्र घरात मागे राहिला होता.

नवा क्वार्टरबॅक आमच्या दुकानातला गालिचे बसवणारा फिटर गस. गुडघे कामातून गेलेत, पण प्रश्न विचारत नाही.

१८ मे
०–६८. गस शेवटपर्यंत उभा राहिला. म्हणजे उठवल्यावर राहिला.

२८ मे
शेवटच्या मॅचचा प्रतिस्पर्धी संघच बुडाला! मालक फोन उचलत नाही, खेळाडू घरी गेले. लीगच्या सेक्रेटरीने फोन केला. म्हणाला, अभिनंदन, न खेळता २–० तुमचा विजय, कागद पाठवू का?

नकार दिला. स्पष्ट. काचेच्या कपाटात काय लिहू, समोरचे आलेच नाहीत? नियम असा आहे की गावातून बदली संघ उभा केला तरी निकाल धरतात. मी म्हणालो, उभा करतो.

लॉर्ना म्हणाली, डेल, पाया पडते, ते दोन-शून्य घे. बिडलबाई म्हणाल्या, घे रे, मी कुणाला विचारणार नाही. बायकांना इतिहासाची जाण नाही.

२९ मे
बदली संघ कुठून आणायचा? विचार करता करता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी काढलेले खेळाडू! गावातच आहेत, मोकळेही आहेत. आणि मी स्वतः पारखून नापास केलेले. यांच्याशी हरणं शक्यच नाही. हरलो तर माझी पारख चुकली असं होईल, आणि ती चुकत नाही.

क्विंटला फोन केला. म्हणाला, कोच, नीट विचार करून बोलताय ना? त्यांच्याकडे जर्सी नाहीत म्हणे. म्हटलं, काहीही घाला.

३१ मे, सकाळ
भाषण तयार. पराभूतांबद्दलही दोन गोड शब्द घातलेत.

३१ मे, संध्याकाळ
ते लाल टी-शर्ट घालून आले. प्रत्येकाच्या हातात पायपुसणं. दारापासून मैदानापर्यंत एकापुढे एक टाकली, ओळीने पाय पुसले आणि आत उतरले. सगळं एरिना उभं राहिलं. ‘खेकडे! खेकडे!’ मैदानावर चित्र त्यांचंच होतं. शिंगं काय, वरवरची.

मी नाक खाजवलं. बॉल हलायच्या आधी त्यांचा सगळा संघ डावीकडे जाऊन उभा. कान ओढला. तिथेच उभे. क्विंट ओरडला, कोच, सर्दी झालीय का? क्विंट प्रत्येक वेळी उजवीकडून गेला.

६–७२. आमचे सहा, कारण त्यांच्या एकाला हसू आवरेना आणि बॉल सुटला.

शेवटी म्हटलं, निदान किक तरी मारा. बॉल गेला थेट प्रेक्षकांत, लॉर्नाच्या मांडीवर. ती त्यांच्या बाजूला बसली होती, ट्रिनाच्या शेजारी. मी हात पुढे केला. तिने बॉल पर्समध्ये ठेवला. नियम नियम असतो.

३ जून
शनिवार वाचले! बिडलबाईंनी ट्रॅक्टरवाल्यांना नाही म्हटलं. म्हणाल्या, अखेर मार्लो क्रीकचा एक संघ घरच्या मैदानावर जिंकला. मी हेच म्हणत होतो. हिंमत लागते. पोस्टरवर ‘खेकडे’ छापायचं म्हणतात. छापोत. नावात मी अडकत नाही.

५ जून
क्विंट आणि ट्रिना घरी आली. खूप दिवसांनी. लॉर्नाने कॉफी केली. क्विंटच्या काखेत काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, केक.

तो म्हणाला, मान राखून सांगतो, कोच, तुमची वाट वेगळी आहे.

पुढलं मला ऐकू आलं नाही. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. इतक्या जणांना मी हेच वाक्य ऐकवलं, त्यांनाही असंच झालं असणार, हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रिना म्हणाली, डॅड, रविवारी जेवायला येऊ ना आम्ही? मी मान हलवली.

पायपुसणं दारात टाकलं. काथ्या चांगला आहे.

६ जून
इतिहासाचं दुसरं प्रकरण पूर्ण केलं. पहिला विजय, ७२–६. कोणाचा, ते लिहिलं नाही.

नव्या कोचचा, क्विंटचा फोन. टर्फ अंथरण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नाही, म्हणाला. ते खरंच आहे. उद्या सकाळी आठला बोलावलंय. ब्रश आणि रंग पातळ करायचं तेल घेऊन.

खेकड्याची शिंगं खरवडायची आहेत.