ठमाबाईची सुकट आणि तुझं फ्रेंच

हरिहरेश्वर, मंगळवार

चि. विहंग यास विसूकाकाचे आशीर्वाद. (रागात आहे म्हणून ‘अनेक उत्तम’ लिहिलेलं नाही. काकूने तिच्या वाटणीचे लिहायला सांगितलेत, तेवढे घे.) तुझ्या लेकीचा, प्राप्तीचा खोकला गेला असेल. आमची खुशाली विचारू नकोस. पंधरा दिवस घरात सुकटीचा कण नाही.

मेल्या, तू कॉलेजात इंग्रजी शिकवतोस ना, मग तिथेच शिकव की! आमच्या ओटीवर कशाला? तीस वर्षं ठमाबाई कोळीण दारात टोपली उतरवते, दोन ओंजळी सुकट परातीत ओतते, मी चार नारळ देतो, मग ती ‘ही वरची’ म्हणून आणखी एक मूठ टाकते. आजवर कोणाचं काही अडलं नाही. तू मे महिन्यात आलास, तिच्याच सुकटीची चटणी चाटूनपुसून खाल्लीस आणि ती गेल्यावर ढेकर देत म्हणालास, याला इंग्रजीत ‘बार्टर’ म्हणतात आणि हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या फसवणुकीच्या शब्दावरून आला. विचारलं होतं कोणी?

तू गेलास पनवेलला, पण तो फ्रेंच माझ्या डोक्यात मुक्काम ठोकून बसला. ओंजळ म्हणजे नक्की किती? हल्ली ती बोटं फाकवते का? दुपारची झोप उडाली रे माझी! शेवटी म्हसळ्याला जाऊन फकरुद्दीनशेठच्या दुकानातून आकडे दाखवणारा वजनकाटा आणला. (त्यांनी विचारलं, दुकान टाकताय काय? काय सांगणार, कपाळ?)

ठमाबाई आली तेव्हा परात काट्यावर होती. तिने सवयीने दोन ओंजळी ओतल्या, मग तिला खालचे आकडे दिसले. वरच्या मुठीसाठी टोपलीत गेलेला हात तिने तसाच बाहेर काढला. “विसूभाव, तुमचं नारल मी कंदी मोजलं न्हाय,” एवढंच बोलली, परातीतली सुकट परत टोपलीत ओतली आणि निघून गेली. आता आमच्या दारावरून जाताना मान वळवत नाही. काकूच्या ऑपरेशननंतर हीच बाई आठ दिवस कालवण घेऊन येत होती, तेव्हा मी काटा लावला नव्हता. काकू माझ्याशी कामापुरतंच बोलते आणि वर वरणभात वाढते. हे सगळं तुझ्यामुळे, विद्वाना!

तुझा (नाइलाजाने) काका,
विश्वंभर

ता. क. : काट्यावर काय आलं, ते काकूलाही सांगितलेलं नाही. तीस वर्षांपूर्वी चार नारळांना पाव किलो ठरलं होतं. दोन ओंजळी साडेतीनशे ग्रॅम भरल्या. वरची मूठ वेगळी.

ता. क. २ : मी तिला बारके नारळ देतो. मोठे लॉजवाल्यांसाठी बाजूला काढतो. तेव्हा तुझा तो फसवणारा फ्रेंच माणूस कुठे राहतो, ते मला कळलं आहे. हसू नकोस.

ता. क. ३ : ‘स्वॅप’ हा शब्द सौदा ठरल्यावर हातावर हात मारण्यावरून आला, असंही त्या दिवशी म्हणाला होतास. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. रविवारी पहिल्या एसटीने ये. ठमाबाईच्या दारात मी हात पुढे करीन, ती त्यावर हात मारेल की नाही कोण जाणे, एकट्याने जायची छाती होत नाही. तू नुसता बाजूला उभा राहा, शब्दांचे अर्थ सांगायला लागलास तर याद राख. पोतं तुला उचलावं लागेल. मोठे नारळ भरलेत. मोजलेले नाहीत.