‘वीर’ म्हणजे नक्की कोण?

मंगळवार, १२ नोव्हेंबर, म्युनिक

आज मीटिंगमध्ये आमचा टीमलीड श्टेफान म्हणाला, जानेवारीपासून ‘वीर’ नव्या प्रोजेक्टवर जाणार. ‘वीर’, म्हणजे जर्मन ‘आपण’. किंवा ‘आम्ही’. मला धरून की मला वगळून? या लोकांना दोन्हीला एकच शब्द पुरतो. आणि बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळी हास्केल शिकायला बसलो, नव्या प्रोजेक्टची प्रोग्रॅमिंगची भाषा तीच. आजचा धडा स्वतःचा टाइप बनवण्याचा. एखाद्या गोष्टीचे प्रकार किती ते आधीच सांगून टाकायचं, मग त्याबाहेरचं काही चालत नाही. मुद्दाम टाइपला नाव दिलं ‘वीर’: एकतर आपण, नाहीतर आम्ही. मग फंक्शन लिहिलं, जानेवारीत मी काय करणार याचं.

माझी बायको मुग्धा मागून वाचून म्हणाली, “अरे, सरळ विचार ना त्याला.”

विचारीन. तो म्हणेल, “या, या, वीर,” म्हणजे हो, हो, ‘वीर’. माझ्याकडे न बघता.

फंक्शन चालवलं तर कोड तपासणाऱ्या कंपायलरची वॉर्निंग आली: ‘आम्ही’ असेल तर काय, ते लिहिलेलंच नाही.

बघितलं. खरंच नव्हतं लिहिलं. नुसतं ‘आपण’चंच लिहिलं होतं.